सिरक्यातलं दुसरं ॲसिड

त्या कारकुनाने सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, पेला तोंडाला लावला तेव्हा मी तिथे नव्हते. हे आधीच नोंदवून ठेवते, कारण भोपाळच्या मराठी मंडळींत हा प्रसंग सांगणारे निम्मे लोक तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगतात. कोणी म्हणतं, जांभळाचं सरबत समजून प्यायला. कोणी म्हणतं, पैज लागली होती. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तो गृहस्थ दोन दिवस पोट धरून पडला, आमच्या सरकारी होस्टेलच्या मेसमध्ये बोंब झाली, आणि तिसऱ्या दिवशी काळ्याशार सिरक्याची एक सीलबंद बाटली माझ्या टेबलावर येऊन उभी राहिली.

तिथून पुढचं सगळं मात्र मी माझ्या हातांनी केलं. दोष दुसऱ्या कोणावर ढकलायला जागा सापडते का, हे मी पुष्कळ पाहिलं. नाही सापडली.

तर ऐका. राज्यांची पुनर्रचना झाली, आमचं नागपूर राजधानी राहिलं नाही, आणि नोव्हेंबरात आम्ही सरकारी माणसं बाडबिस्तरा घेऊन भोपाळला आलो. माणसांबरोबर कपाटं आली, कपाटांबरोबर फायली आल्या, आणि खाद्यपदार्थ तपासणारी आमची प्रयोगशाळाही देवदारी खोक्यांत भरून आली. जागा मिळाली ती नवाबी काळातल्या एका लांबोडक्या बराकीत. गॅस नाही. पाणी तापवायचं तर कोळशाची शेगडी. निम्मी खोकी आली, निम्मी वाटेत कुठे गेली ते रेल्वेलाच ठाऊक.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी., आधी कॉलेजात शिकवलेलं. स्वभावाने संशयी. भोपाळमध्ये मी काय काय तपासून घेतलं म्हणता? डिस्टिल्ड वॉटर तीनदा. तराजूची वजनं एकमेकांविरुद्ध. भिंतीवरचं घड्याळ रोज सकाळी रेडिओविरुद्ध. आमचे अमानत मियाँ, प्रयोगशाळेचे वयस्कर शिपाई, भोपाळचेच, त्यांनी धुतलेली प्रत्येक काच मी उजेडात धरून पाहत असे.

एकदा ते शांतपणे म्हणाले, "बाई साब, एक दिन हमको भी कांच में रख के देख लो. तसल्ली हो जाएगी."

फक्त एक वस्तू मी तपासली नाही. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची मोठी बाटली. ती मी नागपूरहून स्वतः मांडीवर घेऊन आले होते. हमालाच्या हाती दिली नाही, सामानाच्या डब्यात टाकली नाही. गाडीत समोर बसलेल्या बाईंनी दोनदा हात जोडून "गंगाजल आहे का?" म्हणून विचारलं, तरी मी बाटली हलू दिली नाही. तिच्या लेबलावर द्रावणाची तीव्रता दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत लिहिलेली होती. अक्षर माझं. सही माझी. शहरावर अविश्वास दाखवायला मला कारण लागत नसे. स्वतःच्या अक्षरावर दाखवायला मात्र सुचलंच नाही.

आता थोडं रसायनशास्त्र. उठू नका, चहा निवेपर्यंत संपेल.

सिरक्यात ॲसिड किती आहे हे कसं काढतात? मापाच्या रेघा आखलेली, खाली तोटी असलेली काचेची लांब नळी असते, ब्युरेट. तिच्यात कॉस्टिक सोडा भरायचा, खाली सिरका ठेवायचा, आणि थेंबथेंब सोडायचा. सोडा ॲसिडला मारतो. ॲसिड संपलं की थांबायचं, आणि किती सोडा खर्च झाला त्यावरून हिशेब. साधी गोष्ट आहे. कॉलेजातली पोरं करतात.

ॲसिड संपलं हे कळतं कसं? रंगावरून. एक औषध टाकतात, ते शेवटच्या थेंबाला गुलाबी होतं. पण जांभळाचा सिरका! तो आधीच काळा-जांभळा, आणि सोडा पडला की स्वतःच हिरवट मातकट व्हायला लागतो. त्यात गुलाबी शोधणं म्हणजे रंगपंचमीच्या दिवशी कुंकू शोधणं. म्हणून मी पी-एच मोजणारं यंत्र काढलं. पी-एच म्हणजे आंबटपणाचा आकडा: सातच्या खाली ॲसिड, सातच्या वर अल्कली. थोडा थोडा सोडा घालायचा, आकडा वाचायचा, आलेखाच्या कागदावर टिंब द्यायचं.

हा आलेख फार बोलका असतो. सिरक्यातलं ॲसिड दुबळं. सुरुवातीला आकडा जरा चढतो, मग पुष्कळ वेळ जवळपास ढिम्म. पहिल्यांदा सासुरवाडीला गेलेल्या जावयासारखा. पुरे पुरे म्हणत वाढतील ते पोटात घालतो. आणि मग एक थेंब असा येतो की गडी ताडकन पाटावरून उठतो. आलेख सरळ उभा चढतो. ती उडी म्हणजे ॲसिड संपलं. एक ॲसिड, एक उडी.

माझ्या आलेखात उडी अर्ध्यावर थबकली होती.

सहाच्या थोडं वर गेली, तिथे रेषा आडवी झाली, चार-पाच टिंबांएवढा दम घेतला, आणि मग पुन्हा वर. स्पष्ट पायरी! मी प्रयोग तीनदा केला. तीनदा पायरी. शिवाय एकूण ॲसिडही अशा घरगुती सिरक्यात सापडतं त्याहून जास्त निघालं. आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणणार? पायरी म्हणजे दुसरं ॲसिड. जास्त आंबट म्हणजे बाहेरून घातलेलं. भेसळ!

आमचे मुख्य रसायनतज्ज्ञ पेंढारकर साहेब. नागपूरचेच, सावध माणूस, जेवताना मीठसुद्धा अर्धं घेणारे. त्यांनी अहवाल दोनदा वाचला.

"मालतीबाई, सोडा इथे आल्यावर पुन्हा प्रमाणित केलात ना?"

"ऑक्झॅलिक ॲसिडचं खोकं अजून पोचलेलं नाही, साहेब. पण लेबलावर माझी सही आहे."

"बरं. आणि हे 'निर्विवादपणे आढळते'... यातलं निर्विवाद काढता का?"

"का?"

"वाद होईल म्हणून."

मी नाही काढलं. तीन प्रती टाइप झाल्या. एक होस्टेलला, एक नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरला, एक सचिवालयाला.

सिरका होता सकीना बींचा. जुन्या शहरात त्यांना सगळे बड़ी बी म्हणत. सासूच्या सासूपासून त्यांच्या घरात जांभळाचा सिरका मुरत आलेला. आधी मोठ्या हवेल्यांतून जाई. त्या हवेल्यांतली माणसं पांगली, आणि आता उरलं होतं ते आमच्या नव्या होस्टेलचं गिऱ्हाईक. माझा अहवाल पोचला त्याच दिवशी होस्टेलने सिरका बंद केला. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरने त्यांच्या अंगणातल्या सोळा मर्तबानांना, त्या मोठाल्या चिनी मातीच्या बरण्यांना, लाख लावून सील केलं आणि सांगितलं: सोमवारी सकाळी सगळं नाल्यात. त्यातले काही मर्तबान तीन वर्षांपूर्वीचे होते.

हे मला कसं कळलं? बड़ी बी स्वतः सांगायला आल्या. शनिवारी, अकराच्या सुमाराला, टांग्यातून. मागून अमानत मियाँ ओशाळल्यासारखे.

"बाई साब, ये... हमारी खाला लगती हैं."

मावशीच काय, अख्खं भोपाळ अमानत मियाँचं कोणी ना कोणी लागतं. पण त्या क्षणी मला ते कारस्थान वाटलं.

बड़ी बींनी बुरख्याचा पडदा वर केला. बारीक चणीच्या, सत्तरीच्या, नजर सुईसारखी. शेगडीजवळच्या ज्या खोक्यावर बसून मी रोज दोनदा चहा घेत असे, त्यावर त्या न विचारता बसल्या.

"तुम हो वो बीबी, जिसने मेरे सिरके में तेजाब निकाला?"

"जी. यंत्र ने निकाला. मैंने सिर्फ पढ़ा."

"तो दिखाओ. कहां है?"

मी आलेख पुढे केला. त्यांनी तो आडवा धरला, उभा धरला, मग अमानत मियाँना म्हणाल्या, "ये तो श्यामला की पहाड़ी है."

"बड़ी बी, यह जो बीच में सीढ़ी है न, यह दूसरा ॲसिड है."

"मेरे सिरके में सीढ़ी?"

"जी."

"अस्सी बरस से चढ़ा तो कोई नहीं."

अमानत मियाँ खोकले. तो खोकला नव्हता हे मला कळत होतं.

मी माझ्या नागपुरी हिंदीत त्यांना सगळं समजावून सांगितलं: ब्युरेट, थेंब, आकडा, उडी. माझी हिंदी तेव्हा व्याकरणशुद्ध होती आणि कोणालाच कळत नसे. बाई मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांची नजर माझ्यावरून उठली आणि मागच्या फळीवर गेली.

"तो नापती किससे हो?"

"उस बोतल से." मी अभिमानाने दाखवली. "नागपुर से लाई हूं. खुद."

"वो? वो तो आधी खाली है."

"काम में खर्च हुई है."

"और मुंह पे रुई?"

"कांच का ढक्कन कसकर लगाओ तो अटक जाता है. इसलिए."

"और नीचे अंगीठी!"

त्या उठल्या. खरंच उठून फळीपाशी गेल्या, बाटलीकडे पाहिलं, खाली शेगडीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी पहिल्या वर्षाच्या मुलांकडे पाहत असे.

"बेटी, सिरका बनता है तब तक हम मर्तबान पे मलमल बांधते हैं, हवा लगने देते हैं. बन गया, के गले तक भरा और मोम से बंद. आधा मर्तबान मैं एक हफ्ता न रखूं. हवा आधी चीज खा जाती है. और तुमने तीन महीने धुएं के ऊपर रखा? तुमने तो अपने सोडे का अचार डाल दिया!"

आता एवढ्या शिकलेल्या बाईने हे ऐकून घ्यावं का? मी हसले. वरच्या पट्टीत, समजुतीच्या सुरात सुरुवात केली.

"नहीं नहीं, बड़ी बी. सोडा सिरके जैसा नहीं होता. वह हवा से खराब नहीं होता. वह तो सिर्फ हवा में से कार्बन डाय ऑक्साईड..."

आणि माझं वाक्य तिथेच थांबलं.

कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डाय ऑक्साईड शोषतो. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मीच शिकवलं आहे, फळ्यावर, अधोरेखित करून. शोषलेल्या वायूचं होतं कार्बोनेट. ते सिरक्यात पडलं की त्याचं कार्बोनिक ॲसिड. ते ॲसिड सहाच्या थोडं वर, नेमकं माझी पायरी जिथे होती तिथे, सोड्याला अडवतं. सोडा दुबळा झालेला, म्हणून जास्त लागला, म्हणून सिरका जास्त आंबट दिसला. माझ्या आलेखातलं दुसरं ॲसिड खरं होतं, तीनही वेळा बरोबर मोजलेलं होतं. फक्त ते बड़ी बींच्या मर्तबानात नव्हतं. ते माझ्या बाटलीत होतं. आणि ते बाटलीत कुठून आलं? जळत्या कोळशातून हाच तर वायू निघतो. तीन महिने दिवसातून दोनदा त्या फळीखाली शेगडी पेटत होती. कशासाठी?

माझ्या चहासाठी!

"क्या हुआ?" बड़ी बींनी विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हणाले. मग प्रामाणिकपणा आड आला. "गलती हुई."

"किसकी?"

हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला असं अमानत मियाँ पुढे सांगत फिरले. दोनदाच विचारला. पण दुसऱ्यांदा उत्तर द्यावं लागलं.

आता सोमवार परवावर आलेला. अहवाल बदलायचा तर प्रयोग नव्याने हवा, त्यासाठी नवा सोडा हवा, आणि नवा सोडा नेमका किती तीव्र हे ठरवायला ऑक्झॅलिक ॲसिडचे शुद्ध खडे हवेत. ते होते हरवलेल्या खोक्यात. मी पेंढारकर साहेबांना तिथेच बोलावून आणलं, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"पण लेबलावर तुमची सही होती," ते म्हणाले. माणूस सभ्य, एवढंच बोलले.

"साहेब, खडे नाहीत. मागून आणायचे तर कॉलेजं आज दुपारी बंद होतील. काय करू?"

बड़ी बी अजून खोक्यावर बसलेल्याच. अमानत मियाँ दारातून म्हणाले, "कौन-से खड़े, बाई साब? सफेद वाले? मिसरी जैसे?"

"तुम्हाला कसे माहीत?"

"इसी पेटी की दरार में से दिखते हैं न. शीशियां हैं अंदर."

आम्ही बड़ी बींना उठवलं. खोकं उलटं केलं. खालच्या अंगाला, जमिनीकडे तोंड करून, माझ्याच अक्षरात मोठं लिहिलं होतं: रसायने, नाजूक, ताबडतोब उघडावे. ज्या खोक्याची मी रेल्वेला चार पत्रं लिहिली होती, त्याच्यावर मी तीन महिने बसले होते.

"वरची बाजू कोणी खाली केली?" मी विचारलं.

"आपने ही बोला था, कीलें चुभती हैं, पलट दो."

बोलले होते.

शनिवारची दुपार आणि रविवारचा दिवस मी प्रयोगशाळेत काढला. पाणी उकळून, त्यातली हवा घालवून नवा सोडा केला. बाटली गळ्यापर्यंत भरली. शेगडी अमानत मियाँनी बाहेर चिंचेखाली नेऊन ठेवली. जुना सोडाही तपासून पाहिला, शिक्षा म्हणून. लेबलावरच्या चार दशांशांपैकी पहिलासुद्धा खरा उरला नव्हता.

मग बड़ी बींच्या सिरक्याचा आलेख पुन्हा काढला. जावई निमूट जेवला, आणि एका उडीत पाटावरून उठला. मधे कुठेही थांबला नाही. ॲसिडचं प्रमाण असायला हवं तेवढं. इतका स्वच्छ आलेख मी नागपूरलासुद्धा कधी काढला नव्हता, आणि तो पाहताना मला अजिबात आनंद झाला नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला मी आणि अमानत मियाँ टांग्यातून जुन्या शहरात गेलो. इन्स्पेक्टर आधीच आलेला. दोन माणसं पहिला मर्तबान अंगणातून नाल्याच्या कडेला ओढत होती. बड़ी बी ओट्यावर तस्बीह घेऊन बसल्या होत्या. मणी मात्र सरकत नव्हते.

"रुकिए," मी म्हणाले. "नई रिपोर्ट है."

इन्स्पेक्टरने वाचली. "मॅडम, परसों जहर था, आज ठीक है? सिरका सुधर गया?"

"सिरका नहीं. मैं."

त्याला हे पटलं नाही. तीन वर्षांचा सिरका दोन दिवसांत निर्दोष होतो की सरकारी प्रयोगशाळा चुकते, यातलं पहिलं त्याला जास्त शक्य वाटत होतं. शेवटी मी त्याच्या वहीत, त्याच्या पेन्सिलीने, स्वतःच्या हाताने लिहून दिलं: दोष तपासणाऱ्या बाईंच्या द्रावणाचा. तेव्हा कुठे त्याने लाख फोडली. पहिला मर्तबान पुन्हा जागेवर गेला. होस्टेलने बुधवारपासून सिरका पुन्हा सुरू केला.

निघताना बड़ी बी म्हणाल्या, "बैठो. चाय पियोगी?"

मी नकळत शेगडी कुठे आहे ते पाहिलं.

"पी लो, पी लो. अंगीठी मैंने दूर रखी है."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तिसरी प्रत सचिवालयात होती. सकीना बी भेसळ करतात, असा माझ्या सहीचा कागद सरकारदरबारी पडून राहणं मला मान्य नव्हतं. मी रीतसर पत्र लिहिलं: पहिला अहवाल रद्द समजावा, सोबत दुसरा जोडला आहे.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पेंढारकर साहेबांनी ते मला वाचायला दिलं. मजकूर असा, की आपण रद्द करू इच्छिता तो पहिला अहवाल या कार्यालयास मिळालेलाच नाही. बहुधा तो जुन्या पत्त्यावर नागपूरला गेला असावा. तरी तो रद्द करणे सोयीचे व्हावे म्हणून त्याची सही-शिक्क्यासह प्रत त्वरित पाठवावी.

"म्हणजे चूक त्यांच्याकडे पोचलीच नव्हती?" मी विचारलं.

"नव्हती," साहेब म्हणाले. "आता पोचवा."

"आणि नाही पोचवली तर?"

"मग नागपूरला गेलेली प्रत कधीतरी फिरत इकडे येईल, आणि तेव्हा ती रद्द झालेली नसेल."

युक्तिवादात मला खोट सापडेना. मी बसले, आणि खोटा अहवाल पुन्हा लिहिला. खोटे आकडे नीट ओळीत मांडले. पायरीचा आलेख पुन्हा काढला. पट्टी लावून, शाई न फुटू देता, पायरी स्पष्ट दिसेल अशी. शेवटी सही केली. त्यावर 'रद्द करण्यासाठी' असं लिहायला निघाले तर साहेब म्हणाले, प्रत मूळ अहवालाबरहुकूम हवी, त्यात नसलेला शब्द घालता येणार नाही. तसं लिहिलेला कागद वेगळा केला. खोटा अहवाल, खरा अहवाल आणि तो कागद, तिन्ही एका टाचणीने जोडून पाठवले.

महिन्याभराने सचिवालयातून पोच आली. एकच ओळ होती: आपला अहवाल मिळाला, त्याप्रमाणे नोंद घेण्यात आली आहे.

दोन्हींपैकी कोणता, ते लिहिलेलं नव्हतं. मी विचारायला कागद ओढला तेव्हा पेंढारकर साहेबांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, आणि ते अजून कोणी विचारलेलं नाही.